घोड्याची शिंक

वाचनालयातल्या सर्वांत लाडक्या कादंबरीचं शेवटचं पान उंदराने फस्त केलं, तेव्हा बाईंडरकाकांनी ते आठवणीतून टाईप करून चिकटवलं. कादंबरी त्यांना तोंडपाठच होती. फक्त म्हातारा घोडा शेवटी नदीत बुडतो, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. त्यांनी त्याला सुखरूप पलीकडे पोहोचवलं. तरी दोन ओळींची जागा उरली, म्हणून काठावर त्याला एक शिंकही दिली. वीस वर्षांनी कादंबरीवर सिनेमा आला आणि काका पहिल्याच खेळाला हजर. घोडा पाण्यात उतरताच पुतणी कुजबुजली, "काका, रुमाल काढ. आता जातोय बिचारा." काकांनी श्वास रोखला. घोडा पलीकडे बाहेर आला आणि अंग झाडून सणसणीत शिंकला. मागून कुणीतरी खेकसलं, "दिग्दर्शकाने कादंबरी वाचली तरी आहे का?" काका ताडकन उठले. "अहो, वाचलीये!" ते आनंदाने ओरडले. "आमच्याच वाचनालयातली वाचलीये!"