आजोबांच्या बटाट्यांतल्या दूर्वा

“ते गवत मुळासकट उपटा, फ्राऊ केळकर. नुसतं वरून खुडलंत, तर दुप्पट येईल!” जर्मनीत बोब्लिंगेनला आम्हाला भाड्याने बाग मिळाली, त्या पहिल्याच दिवशी शेजारच्या बागेतल्या हेर कुंत्स आजोबांनी मला बजावलं होतं. मी मान डोलावली. पण ते गवत अगदी दूर्वांसारखं दिसत होतं. गणपतीला रोज दूर्वा वाहायचा माझा नेम, इथे आल्यापासून मी अक्षतांवर भागवत होते. म्हणून कोपऱ्यातलं गवत तसंच राखलं आणि रोज वरून खुडत राहिले.

उन्हाळ्यात ते कुंपणाखालून आजोबांच्या बटाट्यांत शिरलं, आणि देवासाठी म्हणून ते राखल्याचं मला कबूल करावं लागलं.

“तुमच्या देवाला माझेच बटाटे सापडले का?” आजोबा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र धाप लागून बाकावर बसले. “उद्या हॉस्पिटलात जातोय. हृदयाचं ऑपरेशन आहे. परत येईन तेव्हा इथे सगळं गवतच असेल.”

“एक काडी दिसणार नाही. शब्द देते.”

“जा, जा. आणि देवाला काय सांगाल?”

“त्याच्याशी मी बोलते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनीच मी बागेकडे निघाले. एका हातात खुरपं, दुसऱ्यात पूजेचं तबक.

“अगं, दोन्ही कशाला?” ह्यांनी विचारलं.

“मुळं बादलीत आणि शेंडे गणपतीला,” मी म्हटलं. “आजची जुडी आजोबांच्या नावाची आहे.”