बाबांचा बेसूर

वाकाना शाळेत जायची बंद झाली, त्याला दोन महिने होऊन गेले. चौदा वर्षांची पोर; दिवसभर दार लावून एकच गाणं ऐकत बसायची. कुणाशी बोलणं नाही, जेवणही दाराबाहेर ठेवावं लागे.

रविवारी दुपारी तिचे बाबा शिगेओ त्या दाराशी फतकल मारून बसले आणि तेच गाणं म्हणू लागले. पहिल्याच कडव्यात सूर घसरला. तरी रेटत राहिले.

दार उघडलं.

"बाबा, बास! वाट लावलीस गाण्याची. तिथे सूर वर जातो."

"कुठे? म्हणून दाखव बघू."

दारातच बसून ती म्हणू लागली. आवाज कापत होता, पण थांबली नाही.

शिगेओ मान डोलावत ऐकत राहिले. आदल्याच दिवशी कराओकेच्या मशीननं ह्याच गाण्याला त्यांना शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले होते, हे त्यांनी तिला कळू दिलं नाही.