हार्ड डिस्कमधले सासरे

"माणूस जनावरापासून वेगळा झाला, तो वाचून सही करायला लागला त्या दिवशी," नोटरीसाहेब रिमोट उगारून म्हणाले, आणि पडद्यावर आलेल्या चार ओळी न वाचता त्यांनी 'हो' दाबलं.

टीव्हीला नवा डबा जोडला होता. बातम्यांची दोन अ‍ॅप, नाटकांचं एक, मालिकांची तर मोजदादच नाही, एवढं सगळं त्यात उतरवून झालं होतं. मागे सासूबाईंची हार्ड डिस्क तेवढी राहिली होती, तीही नुकतीच खोचून झाली होती. ती त्यांनी स्वतः रुमालात गुंडाळून आणून दिली होती.

तीत सासरे होते. म्हणजे त्यांचे सगळे व्हिडिओ. दाढी करता करता बेसूर गाणारे सासरे, कॅमेऱ्यावर खेकसणारे सासरे, लेकीला सायकल शिकवताना स्वतःच आपटलेले सासरे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. दुसरी प्रत नव्हती.

एक निळी पट्टी सरकत टोकाला गेली. डिस्क वापरायला तयार आहे, असं डब्याने कळवलं. नोटरीसाहेबांनी ती उघडली. आत काहीच नव्हतं. मग त्यांनी माहितीपुस्तिका काढून पहिल्या पानापासून वाचली. त्या चार ओळींत डब्याने विचारलं होतं, की डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का.

नोटरीसाहेबांनी पुस्तिका मिटून गादीखाली सरकवली.

लागलं का, म्हणून सासूबाईंनी आतून विचारलं. इंटरनेट मंद आहे, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी वायर खराब होती. तिसऱ्या दिवशी अ‍ॅप नव्याने उतरत होतं. इंटरनेटचा आणि हार्ड डिस्कचा काडीचा संबंध नसतो, हे घरात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असा त्यांचा समज होता.

चौथ्या दिवशी ते डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि हात वर केले. एक फोटोसुद्धा निघत नाही, म्हणाला.

मनाला टोचणी लागली की माणूस फार सज्जन होतो. नोटरीसाहेब सासूबाईंना पेपर वाचून दाखवू लागले, पाठीमागे उशी देऊ लागले, डोळ्यांत औषधाचे थेंब घालू लागले. सासूबाईंनी सगळं निमूट करून घेतलं. शनिवारी तर त्यांनी पंख्याची पातीही पुसून मागितली.

त्याच दिवशी जेवताना बायको म्हणाली, की उद्या तिला इस्पितळातून सुट्टी आहे, तेव्हा दिवसभर बाबांना बघू या. ती नर्स होती. इतरांच्या दुखण्यात दिवस जायचा, तिचं स्वतःचं राहून जायचं. "बाबांचा आवाज कसा होता, तेच विसरायला लागलेय रे," ती म्हणाली. नोटरीसाहेबांनी तिला आणखी भात वाढला.

रविवारी सकाळी ती भाजी आणायला बाहेर पडली. नोटरीसाहेब सासूबाईंच्या खोलीत गेले आणि खटल्यातल्या आरोपीसारखे उभे राहिले.

"आई, बाबांना मी पुसून टाकलं."

सासूबाई चष्म्याची काच पुसत होत्या. हात थांबला नाही. "कधी?"

"डबा जोडला त्याच दिवशी. न वाचता दाबलं. आठ दिवस तुमच्याशी खोटं बोलतोय." त्यांचे डोळे वाहू लागले. कोर्टाच्या आवारात तीस वर्षं इतरांचं रडणं पाहिलेला माणूस, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा रुमालही सापडेना.

"बसा, जावईबापू." सासूबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "कोरीच होती ती. गेल्या वर्षी माझ्याच हातून पुसली गेली."

नोटरीसाहेब बसायचे ते अर्ध्यातच थांबले. "मग मला दिलीत कशाला?"

"बापावर जीव होता हो तिचा. मला जन्मात माफ केलं नसतं. तुम्हाला काय, रोजच करते."

बाहेर दाराच्या कुलपात किल्ली फिरली. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"तिला फक्त तुमचा भाग सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि डोळे तेवढे एवढ्यात कोरडे करू नका."