कावेचे ठसे

गाव पुस्तकात नव्हे, पायांनी वाचावे, असे माझे ठाम मत होते. म्हणून १९३४ च्या दिवाळीच्या सुटीत मी वाचनालयातील मित्रांसाठी इंदापुरात एक शोधखेळ योजला. मी कोडे घालावे. त्यांनी जुने स्थळ ओळखून तेथे कावेच्या तांबड्या रंगात भिजवलेल्या तळहाताचा ठसा उमटवावा. वेशीवर नमुन्याचा ठसा मीच दिला. करंगळीतील अंगठीच्या वेढ्यामुळे त्यात एक बारीक रेघ कोरी राहिली.

पहिले कोडे हिंदुरावाने सोडवले. उसाच्या चरकात त्याची तर्जनी अर्धी गेली होती. आम्ही देवळाशी पोचलो, तर तेथे ठसा आधीच होता. अर्ध्या तर्जनीचा, वाळलेला.

"चोरून येऊन गेलास व्हय रं?" महिपती हसला. "लई लबाड हायेस!"

"आईची आण, न्हाय!"

कोटाच्या भिंतीवर तोच ठसा ओला होता आणि ओघळत होता. हा कोणाचा तरी खोडसाळपणा आहे, असे मी प्रतिपादन केले. परंतु हिंदुरावाचा तळहात कोरडा होता, आणि कावेची वाटी सकाळपासून माझ्याच हाती होती. त्यानंतर कोणी हसले नाही.

शेवटचे स्थळ बारव. तिच्या भिंतीवर ठसे पायरीगणिक खाली उतरत गेले होते. वर येणारा एकही नव्हता.

"मास्तर, माझं पाय थांबंनात," हिंदुराव पुटपुटला. "धरा मला."

मी त्याचे मनगट घट्ट धरले. तेव्हा पाण्यालगतचा शेवटचा ठसा मला दिसला. त्याला खेटून दुसरा एक ठसा होता, आणि त्याच्या करंगळीवर एक बारीक रेघ कोरी होती.