दिवाळसणाची अंघोळ

दिवाळसणाला सासरी आलेला शहाजी उटणं लावून पाटावर बसला, पण नजर सगळी बादलीतल्या वाफांवर. डोक्यावर कढत पाणी पडलं की त्याला फेफरं यायचं. घरी ऐन थंडीतही तो गार पाण्यानं अंघोळ करायचा आणि वर ‘तालमीची सवय!’ म्हणत मिशीला पीळ द्यायचा. लग्न जमवताना दुखणं लपवलं होतं. बायकोला, कल्याणीलाही तालमीचंच सांगितलं होतं.

“आम्हाला गारच चालतं,” त्याचा आवाज चिरकला.

“पैलवान असून पाण्याला भिता व्हय, दाजी?” मेहुणी खिदळली.

सासूबाईंनी तिला पणत्या लावायला पिटाळलं आणि तांब्या भरला. शहाजीनं डोळे गच्च मिटले. आज अंगणात सगळ्यांसमोर पडलो, तर कल्याणी परत नांदायला येणार नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

पाणी पडलं ते नळाचं, गारढोण.

“आषाढात इथं आलात तेव्हा तापानं फणफणला होतात, तरी नळाखालीच बसलात,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “माझ्या भावालाही कढत पाण्यानं असंच फेफरं यायचं.”

तेवढ्यात कल्याणी ओवाळायचं ताट घेऊन दारात आली. शहाजीला ओल्या अंगावर घाम फुटला.

“आधी तिला सांगा,” सासूबाई म्हणाल्या, “मग ओवाळून घ्या.”