कंदीलवाल्यांचं मत

"बिल्ले या बशीत काढून ठेवायचे," कॉरिन म्हणाली आणि तिने चहाची रिकामी बशी टेबलाच्या मधोमध सरकवली. "वितळवून त्यांचे हंस करून घेऊ. सोनं काही अगदीच वाईट नसेल तुमचं."

समोर कंदीलवाल्या मुली बसल्या होत्या. प्रत्येकीच्या छातीवर डाव्या बाजूला इवलासा सोन्याचा कंदील होता. कॉरिनच्या छातीवर हंस होता, आणि त्याच्या डोळ्यात खरा माणिक. ओहायोतल्या त्या कॉलेजात मुलींची ही दोनच भगिनीमंडळं, प्रत्येकाचं मुलींना राहायला आपापलं घर, आणि दोन्हींमधून विस्तव जात नव्हता. पण मंदीत दोन्हींच्या मुख्य कचेऱ्या डबघाईला आल्या, तेव्हा शिकागोत बसलेल्या बायकांनी ठरवून टाकलं, दोन्ही मंडळं एक करा. नाव हंसांचं, घर हंसांचं, रीतीभाती हंसांच्या. कंदीलवाल्यांनी फक्त हो म्हणायचं. आज त्यासाठीच त्यांचं मत होतं, आणि निकाल ऐकायला हंसांतर्फे कॉरिन आली होती. नाही म्हटलं तर त्यांची सनद जाणार आणि जूनमध्ये घराला कुलूप लागणार. याला म्हणे विलीनीकरण म्हणतात. सरळ गिळतो म्हणाले असते तर निदान खरं तरी बोलले असते.

वर्ना लिंडक्विस्ट ही कंदीलवाल्यांची अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी ती नवा फ्रॉक शिवून हंसांच्या दारात गेली होती. मतदानात पडलेल्या एका काळ्या गोळीने तिला परत पाठवलं. या मंडळांत नव्या मुलीला नाकारायला एकच काळी गोळी पुरते, आणि ती कोणी टाकली हे कधी सांगायचं नसतं.

"तुला आमच्यात बघून गंमत वाटेल हं," कॉरिन तिला म्हणाली. "खाटकाची पोर शेवटी मागच्या दाराने येतेच आहे. पुढच्या दाराने येऊ नये म्हणून मी केवढी काळजी घेतली होती."

म्हणजे ती काळी गोळी हिचीच होती. वर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्या घरात पाऊल टाकण्यापेक्षा मी रस्त्यावर झोपेन," असं ती आजवर शंभरदा म्हणाली होती, तेही चारचौघींत, मोठ्याने. आता मात्र तिला तोंड उघडता येत नव्हतं. मताची सूचना लागली की त्या विषयावर आपसात अवाक्षर काढायचं नाही, असा इथला नियम. त्यामुळे आठवडाभर सगळ्या एका टेबलावर जेवत होत्या आणि हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या. कोणाच्या मनात काय आहे, कोणाला ठाऊक नव्हतं.

मिसेस प्रुइट उठल्या. कंदीलवाल्यांतल्या त्या सगळ्यात जुन्या बाई. त्यांनी प्रत्येकीच्या हातात एक पांढरी आणि एक काळी गोळी ठेवली. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एक पडद्यामागच्या पेटीत टाकायची, दुसरी मुठीत झाकून ठेवायची. शेवटी बाई पिशवी फिरवत, तीत ती कोणाला न दाखवता सोडायची.

वर्नाची पाळी आली. ती पडद्यामागे गेली तेव्हा तिच्या मनात काडीचाही किंतु नव्हता. काळीच टाकायची. कॉरिनचं नाक कसं खाली येईल, तेही तिने मनाशी रंगवून ठेवलं होतं. मग तिला ऑटिली आठवली, तिच्याच खोलीत राहणारी. ऑटिलीचे वडील पाद्री. त्यांनी लेकीला बजावलं होतं, मंडळाचं घर आहे तोवर कॉलेज, नाहीतर मुकाट्याने घरी यायचं. त्या पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. बाकीच्यांचं तरी कुठे मोठं बरं होतं? राग माझा, आणि घर जाणार यांचं. वर्नाने दात-ओठ खात पांढरी टाकली. टाकली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

सगळ्यांचं झाल्यावर मिसेस प्रुइटनी पेटी टेबलावर उपडी केली. काळ्याच काळ्या गोळ्या घरंगळल्या. त्यांत एकच पांढरी होती.

कॉरिनचा चेहरा क्षणभर पडला. मग ती हसली. "चला, एकीला तरी अक्कल आहे. बाकीच्या बसा आता वळचणीला. कोण गं ती? तिला आम्ही एकटीलाही घेऊ."

"आम्हालाही कळू दे कोण ते," ऑटिली म्हणाली. कधी आवाज न चढवणारी ती मुलगी उठून उभी राहिली होती. "मुठी उघडा गं सगळ्यांनी."

"ऑटिली, तसं करायचं नसतं," मिसेस प्रुइट म्हणाल्या.

"बंदच पडणार आहे ना सगळं? मग आता कसले नियम?" ऑटिली वर्नाकडे वळली. "वर्ना, तूच बघ. ज्यांनी तुला दारातून हाकललं, त्यांच्याकडे जायला आमच्यातली कोण तयार झाली, ते बघ. मी तर जूनमध्ये येते म्हणून घरी कळवूनसुद्धा टाकलंय. तुला त्या घरात मान खाली घालून जावं लागू नये, एवढंच होतं मनात."

तिने मूठ उघडली. तळहातावर पांढरी गोळी होती. तिच्या शेजारणीच्या हातातही पांढरीच. मग पुढचीच्या, तिच्या पुढचीच्या. टेबलाला वळसा घालून सगळ्यांच्या नजरा वर्नापाशी आल्या.

तिची मूठ मिटलेलीच होती.

"वर्ना?" ऑटिली म्हणाली.

वर्नाने मूठ उघडली. ऑटिली त्या काळ्या गोळीकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची थोडी पलीकडे ओढली आणि खाली बसली.

कॉरिन हातमोजे चढवत उठली.

"चल, बहिणी," ती वर्नाला म्हणाली. "आमच्यात नव्या मुलीने थोरलीसाठी दार उघडायचं असतं."