काय करत न्हाई तो

शाळेची रिक्षा स्वानंदीला गल्लीच्या तोंडाशी सोडून वळली, आणि तेव्हाच चारुशीलाला दिसलं की वीरधवलच्या बंगल्याचं फाटक सताड उघडं आहे. त्याचा कुत्रा सुलतान रस्त्याच्या मधोमध उभा होता. गळ्यात पट्टा होता, साखळी नव्हती.

परवाच या कुत्र्याने गल्लीतल्या हरणाबाईची शेळी मानेला धरून लोळवली होती. "आता साखळीबिगर भाईर काढणार न्हाई," असं वीरधवलने चार माणसांत सांगितलं होतं. चार माणसांनीही माना डोलावल्या होत्या. मोठ्या घरच्या कुत्र्याला माधवनगरात फार कोणी बोलत नाही.

गल्लीच्या त्या टोकाला सहा वर्षांची लेक, या टोकाला आई, आणि मध्ये ते काळं धूड.

"भावजी!" तिने हाक मारली. "भावजी, कुत्रं सुटलंय!"

वीरधवल मोबाईल कानाला लावूनच फाटकापाशी आला. "आवं वहिनी, किती घाबरताय! काय करत न्हाई तो. घरातल्या माणसावानी हाय."

"मग धरा त्याला. माझी पोर आहे पलीकडे."

"धरतो की. तुमी फकस्त पळू नका," तो म्हणाला. पण फाटकाबाहेर पाऊल काही टाकलं नाही.

स्वानंदीही पळाली नाही. रोज जेवणाआधी दारातल्या कुत्र्याला चतकोर घालायचं काम घरात तिचंच होतं. चारुशीलानेच तिला ते लावून दिलं होतं. दारात आलेल्या जिवाला उपाशी पाठवायचं नाही, आणि फेकायचं नाही, हाताने द्यायचं. पोरीने दप्तर पुढे घेतलं, डबा उघडला आणि उरलेली चतकोर चपाती सुलतानपुढे धरली.

"ये, ये," ती म्हणाली.

सुलतानने मान खाली घातली. त्याच्या घशातली घरघर चारुशीलाला इथवर ऐकू आली. तिला वाटलं, आपणच पोरीला हे शिकवलं, आपणच.

"ए पोरी, हात मागं घे!" वीरधवल किंचाळला. "वहिनी, तिला टाक म्हणावं! हात धरील तो! माझाबी धरलाय त्यानं!"

आणि फाटक धाडकन लागलं. आतून कडी सरकली.

"टाक, स्वानंदी! टाक!"

आईचा असला आवाज पोरीने कधी ऐकला नव्हता. ती दचकली, आणि डबा चपातीसकट हातातून सुटून खणखणत रस्त्यावर गेला. सुलतान त्याच्यामागे झेपावला. तेवढ्यात चारुशीला भिंतीला घासत धावली आणि लेकीला उचलून हरणाबाईच्या पायऱ्या चढून वर गेली. पोरीची बोटं तिने एकेक करून चाचपली.

खाली सुलतान डब्यात तोंड घालून चाटत होता.

वीरधवल फाटकाच्या गजांआडून हसायला बघत होता. "म्हटलं हुतं का न्हाई, वहिनी? केलं का काय त्यानं?"

चारुशीलाला धाप लागली होती.

"मग कडी काढा," ती म्हणाली.

वीरधवलचा हात कडीवर गेला. सुलतानने डब्यातून तोंड काढून मालकाकडे पाहिलं.

हात कडीवरच राहिला.